सतरा ऑक्टोबरचा भाव

८ जानेवारी

प्रिय आत्या,

माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर ओळखलंस. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

इथे तांब्याची तार ओढणाऱ्या छोट्या कारखानदारांची एक संघटना आहे. चाळीसेक जण आहेत, सगळे बाबांसारखेच, म्हणजे बाबा पूर्वी होते तसे. तारेचा दर गिऱ्हाइकाला आधीच कबूल करून बसतात आणि मग तांबं महागलं की हवालदिल होतात. मी त्यांना म्हणतोय, तांब्याचे ऑप्शन घ्या. थोडी रक्कम आधी भरायची. ठरलेल्या दिवशी बाजारभाव ठरलेल्या आकड्याच्या वर असला, तर तुम्हाला त्या आकड्यानेच तांबं मिळणार. खाली असला, तर भरलेली रक्कम गेली, एवढंच. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडाच्या वाफा नकोत. जुने आकडे आण. मागे दहा-बारा वर्षं आम्ही हे केलं असतं तर तरलो असतो का, ते दाखव." मार्चअखेर अहवाल द्यायचा आहे. पटला तर तीन वर्षांचं काम माझं. नाही पटला तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली.

आता जुने आकडे काही झाडाला लागत नाहीत. आकडे विकणारी एक मोठी कंपनी आहे. तिने सगळ्या वर्षांची जी किंमत सांगितली, त्यात मी आठ महिन्यांचं घरभाडं भरतो. फुकटात मिळतात ते नुसत्या वायद्याचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या पक्क्या सौद्यांचे, बंद भाव, तेही अलीकडचे. ऑप्शनचं नाव नाही. एका सद्गृहस्थाने स्वस्तात फाइल दिली, तर तिच्यात रविवारीसुद्धा सौदे झालेले. बाजाराला कुलूप असतानाही तांबं खपत होतं म्हणायचं.

मग बाबाच म्हणाले, "ताईकडे असतील. बाजारात संगणक आले तेव्हा जुनी भावपत्रकं रद्दीत चालली होती, ती तिने टेम्पो करून घरी नेली." खरं आहे का हे? असतील तर मला दे ना. परत करीन, अगदी पानं मोजून.

तुझा,
टिल्लू


१९ जानेवारी

टिल्लू,

सहा फूट वाढलास, केस पिकायला लागले, तरी सही टिल्लूच करतोस, म्हणून तुला माफ.

आहेत पत्रकं. दोन ट्रंका भरून आहेत आणि मी एकीवर बसून हे लिहितेय. का आणली म्हणशील तर सांगता येणार नाही. अकरा वर्षं आपण एक गोष्ट रोज नीट लिहायची आणि कुणीतरी ती किलोवर विकायची, हे बघवलं नाही.

वाचायची कशी ते सांगते, नाहीतर गोंधळशील. दर दिवसाला एक पान. डावीकडे वायदे, उजवीकडे ऑप्शन. शेवटच्या अर्ध्या तासात सौदे झाले असतील तर त्यांचाच भाव. पण पुष्कळदा सौदाच व्हायचा नाही. आमचा बाजार तो केवढा! मग नियम असा, की पत्रक लिहिणाऱ्याने साडेतीनला तीन दलालांना फोन करायचा आणि प्रत्येकाला विचारायचं, आत्ता माल आला तर कितीला घ्याल? तिघांचे आकडे समासात लिहायचे आणि मधला आकडा तो त्या दिवसाचा भाव. मुदत संपायच्या दिवशी ऑप्शनचा निकालही त्याच भावावर लागायचा. त्या फोनांनीच माझ्या उजव्या कानाची वाट लावली असं डॉक्टर म्हणतात.

पहिली चार वर्षं आज पार्सलने पाठवतेय. बाकीची बघते. सगळी मिळतीलच असं धरून चालू नकोस, कागदच आहेत शेवटी. आणि आकडे जुने आहेत रे. जुन्या आकड्यांवर फार विसंबून राहू नये.

तुझ्या बाबाला म्हणावं, सकाळचं चालणं सोडू नकोस.

आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू मला काय दिलंयस ते तुला कळलंय का? दोन्ही पार्सलं मिळाली. रोज जेवण झालं की मी आणि बाबा टेबलाशी बसतो. ते आकडे वाचतात, मी टाइप करतो. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही दोघं एवढा वेळ एका खोलीत बसलो नव्हतो. मी म्हटलं, बाबा, वाचलेलं पान एकदा तपासून घेऊ. तर म्हणतात, "तिच्या हातचं आहे, तपासायचं काय त्यात?" तुझ्या सातच्या आकड्यावरची रेघ ते मला कौतुकाने दाखवत असतात.

एक पाकीट मात्र यात नाही. बाबांचा कारखाना बंद झाला, त्या वर्षीचा ऑक्टोबर. सप्टेंबर आहे, नोव्हेंबर आहे, मधला नाही. ट्रंकेत तळाशी गेलं असेल, बघशील?

खरं सांगायचं तर मला तोच महिना सगळ्यात जास्त हवाय, आणि अहवालासाठी नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला एवढंच ठाऊक आहे की बाबांनी तांब्याचा ऑप्शन घेतला होता, तो वाया गेला, पुढच्याच आठवड्यात तांबं भडकलं आणि कबूल केलेल्या दराने तार देता देता यंत्रं विकावी लागली. त्यांना विचारलं की एकच उत्तर देतात, "मला बाजार कळला नाही." आत्या, ते हे अठ्ठावीस वर्षं म्हणताहेत. ते आकडे समोर ठेवून मला त्यांना दाखवायचंय की त्यांचं फार काही चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर तेही कळू दे.

टिल्लू


१४ फेब्रुवारी

टिल्लू,

त्या ऑक्टोबरला कसर लागली. हात लावला की भुगा होतो, पाठवण्यात अर्थ नाही. एका महिन्यावाचून तुझं अडू नये. अकरा वर्षांत एक महिना म्हणजे समुद्रात खसखस.

आणि बाबाला उगाच जुन्यात ओढू नकोस. झालं गेलं.

माझी तब्येत ठीक आहे.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

तू म्हणालीस अडू नये, आणि अडलं नाही. त्या मोठ्या कंपनीला मी पुन्हा चिकाटीने विचारलं, अख्खी वर्षं परवडत नाहीत, एखादा महिना सुटा द्याल का? देतात. एका बुटांच्या जोडाच्या किमतीत ऑक्टोबर माझ्या हातात आला. हे आधी सुचलं असतं तर तुला ट्रंका उपसायला लावल्या नसत्या.

आता नीट वाच. बाबांच्या ऑप्शनचा आकडा होता दोनशे चाळीस. मुदत संपली सतरा ऑक्टोबरला. त्या दिवशीचा भाव लागला दोनशे साडेएकोणचाळीस. अर्ध्याने गेला, आत्या, अर्ध्याने. दोनशे चाळीसच्या वर लागला असता तर बाबांना त्या भावाने तांबं मिळालं असतं आणि कारखाना कदाचित आजही चालू असता. आणि गंमत ऐक. परदेशातल्या मोठ्या बाजारात त्याच दुपारी तांबं चढायला लागलं होतं. तीनच्या सुमाराला. तिथले तासातासाचे आकडे कंपनीने त्याच किमतीत दिलेत, मी दोनदा ताडून पाहिले. म्हणजे आपल्याकडेही तो भाव वर असायला हवा होता.

मग साडेतीनला तीन दलालांनी खालचा भाव का सांगितला? मला तर सरळ दिसतंय. त्यांनीच असे ऑप्शन विकलेले असणार, म्हणजे भाव वर गेला की नुकसान त्यांचं, आणि भाव चढल्याचं कळल्यावर तिघांनी संगनमत करून तो खाली ठेवला. कंपनीच्या फाइलमध्ये तिघांचे वेगवेगळे आकडे नाहीत, नुसता शेवटचा भाव आहे, नाहीतर पुरावाच मिळाला असता. तुला काही आठवतं का? तू विचारलंस तेव्हा त्यांच्या बोलण्यात काही खोट वाटली होती का?

मी हे अहवालात लिहिणार आहे. बाबांना सांगितलं तर त्यांनी तो आकडा स्वतः एकदा वाचून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मला बाजार कळला होता." त्या तिघांतला जाड चष्म्याचा दलाल अजून आहे, बागेत बाबांबरोबरच चालतो. बाबा म्हणतात, त्याला विचारतोच एकदा. मीही म्हटलं, विचाराच.

टिल्लू


१३ मार्च

टिल्लू,

हे कुरियरने पाठवतेय. मिळाल्याबरोबर आधी बाबाला बागेत जाण्यापासून थांबव, मग पुढचं वाच.

दलालांनी काही केलं नाही. कसरही लागलेली नाही. ऑक्टोबरचं पाकीट याच्यासोबत आहे, धडधाकट. सतरा तारखेचं पान काढ. समासात तीन आकडे दिसतील. २३९.५०, २३९.२५, २३९.७५. त्यातला पहिला खरा आहे. बाकीचे दोन मी रचले.

त्या दिवशी सगळ्या कचेरीचा मिळून फोटो काढायचा होता, खाली आवारात. फोटोग्राफर म्हणाला होता की पावणेचारनंतर ऊन भिंतीमागे जाईल. मी निळे नवे कपडे घातले होते. साडेतीनला पहिल्याला फोन लावला, त्याने भाव सांगितला, लिहिला. दुसऱ्याचा फोन लागेना. खालून मैत्रिणी हाका मारत होत्या, ये लवकर, पुढच्या रांगेत जागा धरलीय. तिघांच्या भावात नेहमी पाव-अर्ध्याचाच फरक असायचा. मी एकात पाव घटवला, दुसऱ्यात पाव वाढवला. तिसऱ्याला, त्या चष्मेवाल्याला, फोन लावलाच नाही. पत्रक देऊन जिन्याने धावत खाली गेले. तुमच्या पुढच्या खोलीत तो फोटो आहे. तुझ्या बाबाने मोठा करून चौकटीत लावला, बहीण बाजारात कामाला आहे म्हणून. त्यात मी हसतेय. येता-जाता तो फोटो बघावा लागतो म्हणूनच मी तुमच्याकडे राहायला येत नाही. गुडघे दुखतात हे खोटं आहे. म्हणजे दुखतात, पण इतके नाही.

त्याने ऑप्शन घेतलाय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर फोन केले असते, असं मी स्वतःला सांगत आले. पण ज्यांच्यासाठी करायचे असतात ते सगळे कुणाचे तरी भाऊच असतात ना रे.

पण हेही मोठं पाप नाही, मोठं पुढेच आहे. पाच दिवसांनी तुझा बाबा माझ्याकडे आला. बसला नाही. म्हणाला, "ताई, त्या दिवशी बाजार वर होता असं लोक म्हणताहेत. आकडा लिहिताना कुणाची काही चूक तर झाली नसेल?" पत्रकातली चूक दुरुस्त करायला सात दिवसांची मुदत असायची. दोन दिवस हातात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं असतं, तर त्यांनी दलालांना पुन्हा विचारलं असतं आणि माझी नोकरी गेली असती, एवढंच. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आकडा बरोबर आहे. मी स्वतः लिहिलाय."

तो म्हणाला, "तू लिहिलास म्हणजे बरोबरच. मग माझंच चुकलं." आणि गेला.

त्यानंतर सहा वर्षं मी तिथे काम केलं आणि रोज तिन्ही फोन केले. सौदे झाले असले तरी केले. लोक म्हणायचे, केवढी काटेकोर बाई आहे. मला त्या शब्दाची शिसारी बसली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर कुणी नुसतं "किती वाजले" विचारलं तरी ते साडेतीनबद्दलच विचारताहेत असं वाटायचं.

तुझ्या पहिल्या पत्रापासून मला कळत होतं की हे इथवर येणार. तरी कसर लागली म्हणून लिहिलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, तेव्हाही लागला नव्हता. चष्मेवाल्यावर आळ येणार हे वाचलं नसतं, तर आजही लिहिलं असतं की नाही, सांगू शकत नाही.

आत्या


२२ मार्च

आत्या,

तुझं पत्र चौदाला आलं. बाबा तेराच्या सकाळीच बागेत गेले होते.

त्यांनी चार माणसांसमोर त्या चष्मेवाल्या दलालांना चोर म्हटलं. तीस वर्षं काय तोंडाने माझ्याबरोबर चालत होतास, असं विचारलं. मी तिथेच उभा होतो आणि मला, खोटं का बोलू, बरं वाटत होतं. मीच पेटवलं होतं त्यांना. ते गृहस्थ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला त्या दिवशी फोनच आला नव्हता. तांबं चढतंय हे मला कळलं होतं, म्हणून मी फोनजवळ बसून होतो." बाबा म्हणाले, सुचेल ते सांग आता. आणि आम्ही निघून आलो.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मधे थांबलो तर म्हणाले, वाच पुढे. संपल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, चल. आम्ही त्या दलालांच्या घरी गेलो. बाबांनी हात जोडून माफी मागितली. मीही मागितली. मग बाबांनी विचारलं, फोन आला असता तर काय भाव सांगितला असतात? ते म्हणाले, "दोनशे त्रेचाळीस. पण माझ्या एकट्याच्या आकड्याने तुमचं भागलं नसतं. पहिल्याने खालचाच सांगितला होता. मधला आकडा दुसऱ्यावर ठरला असता, आणि त्याला काही कळलं होतं की नाही ते मला माहीत नाही." तो दुसरा वारला, दहा वर्षं झाली.

म्हणजे तू फोन केले असतेस तर कारखाना वाचला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही.

अहवाल दिला. सतरा ऑक्टोबरची ओळ रिकामी ठेवली आणि खाली लिहिलं, या दिवसाचा भाव विश्वासार्ह नाही. अध्यक्षांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी सांगितलं, लिहिणाऱ्याने दोघांना विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "मग आमच्या वेळी विचारतील याची हमी कोण देणार?" निर्णय सहा महिने पुढे ढकललाय.

पत्रकं आता ठेवून घेतो. बाबा रोज अजून एकेक पान वाचतात, पण मोठ्याने नाही.

तुला काय लिहू ते कळत नाही, म्हणून जे झालं ते लिहिलं.

टिल्लू


२ एप्रिल

ताई,

मला लिहायची सवय नाही, तुला माहीतच आहे. पोरगा म्हणाला, मी लिहून देतो, तुम्ही सांगा. मी नको म्हटलं.

कारखाना गेला त्याचं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडत नाही. मेलेल्या माणसाने काय भाव सांगितला असता, देव जाणे. यंत्रंही जुनीच झाली होती.

पण तुझ्या घरून त्या दिवशी उतरलो तेव्हापासून मी स्वतःच्या डोक्याने काही ठरवलेलं नाही. पोराची शाळा त्याच्या आईने ठरवली. हे घर मेव्हण्याने बघून दिलं. दुसऱ्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं तार ओढली, मुकादम हो म्हणाले तर नको म्हटलं, आपल्याला जमणार नाही म्हणून. चप्पल घ्यायची तरी दुकानदाराला विचारतो, ही बरी आहे का. पोराची आई म्हणायची, तुम्ही लग्नाच्या वेळी असे नव्हता. जाईपर्यंत तिला वाटत राहिलं की आपला नवरा भित्रा निघाला. तिला आता कोण सांगणार?

आणि परवा इतक्या वर्षांनी एकदा स्वतःच्या डोक्याने उठून गेलो, तर एका सज्जन माणसाला चोर म्हणून आलो.

फोटो भिंतीवरून काढलाय. टाकला नाही.

रविवारी ये. गुडघ्यांचं सांगू नकोस. दुपारच्या गाडीला पोरगा उतरवून घ्यायला येईल, मी घरी असेन. चहाचं वगैरे नंतर बघू. आधी मी उभा राहून तुला तोच प्रश्न विचारणार आहे, त्याच शब्दांत, आणि तू उत्तर द्यायचंस. पोराला आलेलं तुझं पत्र मी दहा वेळा वाचलं. त्यात तू सगळं सांगितलंयस, पण त्याला सांगितलंयस. मला अजून सांगितलेलं नाहीस.

तुझा भाऊ